घर मोडू नये म्हणून

महाराष्ट्रात अनाथ मुलांसाठी पैसे मागायला गेलेला माणूस सहसा रिकाम्या हाताने परत येत नाही. दुकानदार गल्ल्यातून काढून देतो, निवृत्त शिक्षिका पेन्शनमधून देते, परदेशात नोकरीला असलेला मुलगा आईच्या वर्षश्राद्धाला रक्कम पाठवतो. पितृपक्षात आणि दिवाळीच्या तोंडावर तर अनेक बालगृहांत जेवण देण्याच्या तारखा आधीच भरून गेलेल्या असतात. हाच माणूस त्याच दारांवर पुन्हा गेला आणि म्हणाला की, अमुक वस्तीत एक विधवा आहे, पदरात तीन मुलं आहेत, भाडं थकलंय, मुलं तिच्याजवळच राहायची तर वर्ष-दोन वर्षं दरमहा थोडी मदत लागेल, तर सूर बदलतो. तिच्या माहेरचं कुणी नाही का? दीर काही बघत नाहीत का? पैसे हातात दिले तर ती नीट वापरेल का? मूल एकटं असलं की आपलं मन लगेच द्रवतं. त्याच्या शेजारी आई उभी असली की आपण हिशेब विचारू लागतो.

या पुस्तकातले लेख वेगवेगळ्या अनुभवांतून आलेले आहेत, पण ते सगळे या एका प्रश्नाभोवती फिरतात: निराधार मुलासाठी म्हणून आपण जो पैसा काढून ठेवतो, तो नेमका कुठे आणि केव्हा पोचला पाहिजे? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. तो मुलाच्या घरात पोचला पाहिजे, आणि घर मोडायच्या आधी पोचला पाहिजे. बालगृहांमध्ये राहणाऱ्या बहुसंख्य मुलांची आई किंवा वडील, दोघांपैकी निदान एकजण, हयात असतो. जगातल्या अनेक देशांच्या पाहण्यांतून हे पुन्हा पुन्हा समोर आलेलं आहे आणि आपल्याकडच्या कुठल्याही अधीक्षकाला विचारलं तर तोही हेच सांगेल. दिवाळीच्या सुट्टीत अर्धंअधिक बालगृह रिकामं का होतं? मुलं घरी जातात. घर आहे, आई आहे, आजी आहे. नाही तो पैसा. केवळ गरिबीपायी मूल आईपासून तुटत असेल, तर ती तुटातूट पैशाने थांबवता येते, आणि ती थांबवणं हेच दानाचं पहिलं काम आहे.

हा विचार बाहेरून आलेला नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केलं. त्या काळी अर्भकं टाकून दिली जात, मारली जात. फुले दांपत्याने फक्त टाकलेली मुलं उचलून आणली असती तरी ते मोठंच काम ठरलं असतं. त्यांनी त्याच्या एक पाऊल आधी जायचं ठरवलं. अडलेल्या विधवेने इथे यावं, गुपचूप बाळंत व्हावं, मूल न्यायचं असेल तर न्यावं, नाहीतर ठेवून जावं. मदत आईपासून सुरू झाली. अशाच एका विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना मृत्यू आला तेव्हा त्या कामात तो त्यांच्याबरोबर होता. या कामामागे कुठला सरकारी निधी नव्हता, संस्थानिकाची देणगी नव्हती.

पंढरपूरला १८७५ मध्ये निघालेलं बालकाश्रम हेही त्याच दुखण्यातून आलं. वारीच्या गर्दीत, घाटावर, मठांच्या आसपास विधवांची मुलं सोडून दिली जात. तिथे नेमणुकीवर असलेले न्यायखात्यातले अधिकारी लालशंकर उमियाशंकर यांनी पुढाकार घेतला आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने ते काम सांभाळलं. विठ्ठलाच्या गावात सोडलेल्या मुलांची जबाबदारी मुंबईतल्या वर्गणीदारांनी घेतली. देणाऱ्याने ते मूल कधी पाहिलेलं नव्हतं, पाहण्याचा आग्रहही धरला नव्हता.

पंडिता रमाबाईंची गोष्ट देणगीच्या दृष्टीने फार शिकवणारी आहे. १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिच्या सभासदांनी दहा वर्षं वर्गणी देण्याचं वचन दिलं. त्या वचनाच्या जोरावर १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं. एका सभेत भाषण ऐकून भारावून टाकलेली रक्कम आणि दहा वर्षांची बांधिलकी यांत फार अंतर आहे. दहा वर्षांच्या भरवशावर शिक्षिका नेमता येते, जागा घेता येते, एखाद्या मुलीला शेवटपर्यंत शिकवता येतं. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, उपासमारीने आणि दलालांच्या तावडीने घेरलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या, आणि दौंडजवळच्या केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. १९०० च्या सुमारास, गुजरातच्या दुष्काळानंतर, तिथे जवळजवळ दोन हजार जणी राहत होत्या. विहिरी, शेती, छापखाना, विणकाम, सगळं त्यांच्याच हातचं. रमाबाईंच्या धर्मांतरावरून महाराष्ट्राने त्यांना फार छळलं. पण एवढ्या मोठ्या दुष्काळात एवढ्या बायका-मुलींना जगवणारं दुसरं काम त्या काळी आपल्याकडे क्वचितच दिसतं, आणि हे ऋण आपण पुरेसं मान्य केलेलं नाही असं मला वाटतं.

धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. आश्रमासाठी हिंगण्याला रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी सहा एकर जागा दिली आणि झोपडी बांधायला ७५० रुपये दिले. त्या झोपडीत राहायला आलेल्या विधवा होत्या. त्यांनी शिकावं, नोकरी करावी आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, हा कर्व्यांचा हेतू. कमावत्या बाईचं मूल रस्त्यावर येत नाही, एवढं साधं गणित त्यात होतं. साताऱ्याला १९२४ मध्ये भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं, तेव्हा ते चालवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेलं. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेच्या मुष्टिफंडात घरोघरच्या बायका रोजच्या धान्यातून मूठभर बाजूला काढून ठेवत. देणाऱ्या बाईच्या घरीही ददात होतीच. वसतिगृहातल्या मुलांना गाव होतं, आईबाप होते, सुट्टीत परतायला उंबरठा होता. शिक्षणासाठी घर सोडणं आणि भुकेपायी घर सुटणं या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि भाऊरावांना तो पक्का ठाऊक होता.

आता आजच्या काळात येऊ. घर मोडतं ते कसं मोडतं, हे बारकाईने पाहिल्याशिवाय मदत कुठे घालायची ते कळत नाही. विदर्भातलं किंवा मराठवाड्यातलं कोरडवाहू शेतकऱ्याचं घर घ्या. कर्ता माणूस गेला. आजाराने, अपघाताने किंवा गळफासाने. तेराव्यापर्यंत घरात माणसं असतात, चूल शेजारी पेटवतात, पुढारीही भेटून जातात. चौदाव्या दिवसापासून बाई एकटी. दवाखान्याचं देणं उभं असतं. मायक्रोफायनान्सचा आठवड्याचा हप्ता थांबलेला नसतो. वसुलीला येणारा मुलगा वयाने लहान असतो, तोही नोकरीला बांधलेला. सातबारा सासऱ्याच्या नावावर. वारस नोंद करायची तर तलाठ्याकडे खेटे. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून, उत्पन्नाचा तहसीलमधून, वेगळं रेशनकार्ड हवं तर सासरच्यांची संमती, आणि तिथेच गाडं अडतं. प्रत्येक खेट्याला एसटीचं भाडं लागतं आणि एक दिवसाची मजुरी बुडते. मजुरी बुडाली की त्या संध्याकाळी घरात काय शिजणार हा प्रश्न.

सरकारची मदत नाही असं नाही. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण चौकशीत पात्र ठरलं तर एक लाख रुपये मिळतात. त्यांतले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेव म्हणून. अपात्र ठरलं तर काही नाही, आणि अपात्र ठरलेली घरं थोडी नाहीत. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकदाच वीस हजार. संजय गांधी निराधार योजनेत दरमहा दीड हजार. पण त्यासाठी वर्षाचं उत्पन्न एकवीस हजारांच्या आत असल्याचा दाखला हवा. म्हणजे महिन्याला साडेसतराशे. एवढ्या पैशांत तीन मुलांचं घर चालत नाही हे दाखला देणाऱ्यालाही दिसतं, मागणाऱ्या बाईलाही. मुलांसाठी बाल संगोपन योजना आहे. ती आपल्या राज्याची फार चांगली योजना आहे: एक किंवा दोन्ही पालक गमावलेल्या, किंवा संकटात सापडलेल्या घरातल्या मुलाला कुटुंबातच वाढवता यावं म्हणून दरमहा रक्कम. ती आधी ४२५ रुपये होती, मग ११०० झाली, २०२३ पासून २२५० आहे. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये प्रायोजकत्व म्हणून एका मुलामागे दरमहा चार हजारांची तरतूद आहे. पण अर्ज, गृहभेट, बालकल्याण समितीचा आदेश आणि त्यानंतर अनुदान येण्याची वाट, यात महिने जातात. अनुदान थकणंही नवं नाही.

या महिन्यांमध्येच घर मोडतं. थोरली मुलगी आठवीनंतर शाळेत जात नाही, कारण पुढची शाळा लांबच्या गावात आणि धाकट्यांना बघायला घरी कुणी नाही. दीड-दोन वर्षांत तिच्यासाठी स्थळ येतं, आणि एक खाणारं तोंड कमी होईल या विचाराने आई होकार देते. मधला मुलगा धाब्यावर, गॅरेजवर कामाला लागतो, किंवा मुकादमाकडून उचल घेऊन आई जेव्हा ऊसतोडीला निघते तेव्हा तिच्याबरोबर फडावर जातो. मग कुणीतरी भला माणूस सांगतो, ‘अमुक ठिकाणी चांगला आश्रम आहे, दोन वेळचं जेवण आहे, शाळा आहे, धाकट्या दोघांना तिथे ठेव.’ आई कागदावर अंगठा उठवते. या साखळीत दुष्ट माणूस एकही नाही. प्रत्येकाने आपल्या परीने भलंच पाहिलं. तरीही दोन वर्षांत चार भावंडं तीन ठिकाणी गेली.

आणि एकदा गेली की परत येणं कठीण होतं. आश्रम दोन जिल्हे पलीकडे असेल तर आईला भेटीला जायचं म्हणजे भाडं आणि दोन दिवसांची मजुरी. पहिल्या वर्षी ती तीनदा जाते, मग दिवाळीपुरती. मुलाची भाषा बदलते, सवयी बदलतात, घरच्या अंधाऱ्या खोलीत त्याला करमेनासं होतं. आईलाही वाटतं, ते तिथेच बरं आहे. भेटीचं भाडं देणारी देणगी मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे. बालगृहाला पंखा, कूलर, टीव्ही, वॉटर प्युरिफायर देणारे भेटतात. मुलाच्या आईला वर्षातून सहा वेळा एसटीने येता यावं म्हणून पैसे देणारा भेटला, तर त्याचं दान या सगळ्याहून मोलाचं आहे असं मी म्हणेन.

या साखळीतली कुठलीही कडी पाहा, ती तोडायला लागणारी रक्कम मोठी नसते. थकलेलं भाडं, तहसीलच्या खेट्यांचा खर्च, मुलीची सायकल, सहा महिन्यांचा किराणा, सावकाराचं देणं एकरकमी फेडून सोडवलेलं शेत. वेळ साधली पाहिजे, एवढंच. तेरावं झाल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत पोचलेली मदत जे करते, ते चार वर्षांनी पोचलेल्या दसपट रकमेने होत नाही.

इथे एक सावधगिरी. विधवेला मदत म्हटलं की आपल्याकडे शिलाई मशीन दिलं जातं. कार्यक्रम होतो, ओळीने मशीनं मांडली जातात, फोटो निघतो. हजार वस्तीच्या गावात शिवणकामावर जास्तीत जास्त दोन-तीन घरं चालतात. बाकीची मशीनं कोपऱ्यात उभी राहतात, काही विकली जातात, आणि मग देणारेच म्हणतात की यांना दिलेलं टिकत नाही. बाईला काय येतं, गावात काय खपतं, तिच्याकडे जागा आहे का, पाणी आहे का, लहान मूल कुणाकडे ठेवणार, हे तिलाच विचारायला हवं. एखादी दोन शेळ्या मागेल, एखादी भाजीच्या गाडीसाठी भांडवल मागेल. एखादी म्हणेल, आधी माझं हप्त्याचं कर्ज फेडा, मग मी बघते. तिसरीचं म्हणणं बहुतेक वेळा सगळ्यांत शहाणपणाचं असतं.

मग बालगृहं नकोतच का? असं म्हणणं अन्यायाचं होईल. ज्यांना खरोखरच कुणी नाही, ज्यांना घरातच धोका आहे, जी कचराकुंडीत किंवा रेल्वेच्या फलाटावर सापडतात, त्यांच्यासाठी दार उघडं असलंच पाहिजे. सिंधुताई सपकाळ यांनी गावोगाव भाषणं करून आणि सभेत पदर पसरून शेकडो मुलं वाढवली. २०२२ च्या जानेवारीत त्या गेल्या तेव्हा महाराष्ट्रातल्या कितीतरी संसारी स्त्री-पुरुषांना आपली आई गेली असं वाटलं. अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेली शंभराहून अधिक दिव्यांग मुलं सांभाळली, त्यांना आपलं आडनाव दिलं. त्यांच्यातलीच एक दृष्टिहीन मुलगी २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. शंकरबाबांचा कायद्याशी एकच झगडा राहिला: अठरा वर्षं पूर्ण झाली म्हणून मतिमंद, अंध, बहिऱ्या मुलाला बालगृहातून बाहेर काढायचं, तर त्याने जायचं कुठे? १९९३ च्या ३० सप्टेंबरला लातूर-धाराशिव भागात भूकंप झाला, त्यानंतर भारतीय जैन संघटनेने बाराशे मुलं पुण्याला आणून शिकवली. आपत्तीत गावंच्या गावं पडतात तेव्हा असं काही तातडीने करावंच लागतं. या माणसांचं ऋण मान्य करूनच मी पुढचं लिहितो आहे.

तान्ह्या मुलांच्या बाबतीत मात्र संस्था आणि कुटुंब यांत निवड करायची वेळ आली, तर शास्त्राने दिलेला कौल स्पष्ट आहे. रुमानियात १९८९ मध्ये चाउशेस्कूची राजवट कोसळली तेव्हा तिथल्या सरकारी संस्थांमध्ये लाखाहून अधिक मुलं कोंबलेली सापडली. पुढे बुखारेस्टला अमेरिकन संशोधकांनी १३६ मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवलं, निम्मी नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसाशी जवळीक साधण्याची ताकद सुधारली. दोन वर्षांचं होण्याआधी गेलेल्यांची सगळ्यांत जास्त. संस्थेत खायला मिळत होतं, अंथरूण होतं. रडल्यावर दर वेळी तेच एक माणूस धावून येईल याची खात्री नव्हती. पाळी बदलली की हातही बदलायचे.

आपला कायदाही हेच सांगतो. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानला आहे आणि मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची धरली आहे. मूल सोडू पाहणाऱ्या आईवडिलांना समजावणं, आणि सोडल्यावरही दोन महिने निर्णय फिरवण्याची मुभा देणं, हे कायद्यातच आहे. या दोन महिन्यांत त्या आईला राहायला जागा आणि हाताला काम मिळालं तर किती जणी मूल परत नेतील! दत्तकाची वाट पाहणारी जोडपी आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांची तळमळ खरी आहे. पण गरिबीमुळे सोडलेलं मूल दुसऱ्या घरी जाण्याआधी त्याच्या आईची गरिबी थोडी हलकी करून पाहायला हवी.

देणगीच्या ओघाने संस्था कशा फुगतात याचं उदाहरण कंबोडिया आणि नेपाळमध्ये सापडतं. परदेशी पर्यटक अनाथाश्रमांना भेटी देऊ लागले, पैसे देऊ लागले, तशी आश्रमांची संख्या वाढत गेली. गावांतून आईबाप असलेली मुलं शिक्षणाचं आमिष दाखवून आणली गेली. ऑस्ट्रेलियाच्या संसदेने २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा करताना या व्यापाराचीही दखल घेतली. आपल्याकडे कायद्याने प्रत्येक बालगृहाची नोंदणी सक्तीची आहे, तरी विनानोंदणीची ‘आश्रम’ नावाची घरं अधूनमधून उघडकीला येतातच. म्हणून देणाऱ्याने चार गोष्टी विचाराव्यात आणि त्यात संकोच करू नये. नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का? धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब जातो का? मुलं बालकल्याण समितीच्या आदेशाने आली आहेत का? आणि गेल्या वर्षी किती मुलं आपापल्या घरी परत गेली? चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. चांगल्या संस्थेचा प्रमुख त्याचं उत्तर अभिमानाने देतो. मुलांची संख्या वाढली हे यश म्हणून सांगणाऱ्या अहवालापेक्षा, ती का घटली हे सांगणारा अहवाल माझ्या लेखी जास्त विश्वासाचा.

वाढदिवसाच्या जेवणाबद्दलही बोललं पाहिजे. हेतू चांगला असतो यात शंका नाही. पण मुलांना रांगेत बसवून, अनोळखी माणसाच्या बाळाचा केक कापताना टाळ्या वाजवायला लावून, शेवटी आभाराचं गाणं म्हणायला लावणं, हे आपण आपल्या मुलांच्या बाबतीत सहन केलं असतं का? एकाच आठवड्यात चार वेळा श्रीखंड-पुरी आणि जूनमध्ये वह्यांना पैसे नाहीत, असं घडतं. संगोपनाखालच्या मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे. तरी मोबाइलवरून त्यांचे चेहरे गावभर जातात. ते मूल उद्या कॉलेजात जाईल, नोकरीला लागेल, लग्न करेल, आणि तो फोटो कुठेतरी असेलच. तारखेच्या जेवणाऐवजी तेवढीच रक्कम संस्थेच्या खात्यात कुठलीही अट न घालता द्यावी. काळजीवाहकाचा पगार, रात्रपाळीची बाई, समुपदेशक, दाताचा डॉक्टर, यांसाठी कुणी देणगी देत नाही. मुलांना त्यांचीच गरज सगळ्यांत जास्त असते.

अठरा वर्षांनंतरचा काळ हा आणखी एक रिकामा कोपरा. कायद्यात अनुरक्षणगृहाची आणि एकविसाव्या वर्षापर्यंतच्या आधाराची तरतूद आहे, पण जागा थोड्या आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं. हा निर्णय एका अनाथ तरुणीच्या चिकाटीमुळे झाला. पण आरक्षणाचा लाभ घ्यायला अनाथ प्रमाणपत्र लागतं, वसतिगृह लागतं, अनामत रक्कम भरायला कुणीतरी मोठं माणूस लागतं. भाड्याची खोली घेताना घरमालक विचारतो, वडील काय करतात? अशा वेळी जामीन राहणारा, दिवाळीला घरी बोलावणारा, आजारपणात दवाखान्यात सोबत बसणारा माणूस मिळाला तर तेही दानच आहे, आणि ते पैशाहून दुर्मीळ आहे.

कोविडच्या काळात राज्याने आणि केंद्राने एक मोठी गोष्ट केली. दोन्ही पालक गेलेल्या मुलाच्या नावे राज्याने पाच लाखांची ठेव ठेवली, केंद्राने तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळतील अशी तजवीज केली. ते योग्यच झालं. पण एक पालक गेलेली मुलं कितीतरी पटींनी जास्त होती, आणि त्यांच्या आयांना अचानक कमावतं व्हावं लागलं. त्यांच्यासाठी तालुक्या-तालुक्यांत एकल महिलांच्या समित्या उभ्या राहिल्या. शिक्षक, पत्रकार, ग्रामपंचायत सदस्य, आशा आणि अंगणवाडी सेविका यांनी याद्या केल्या, बाल संगोपनचे अर्ज भरून घेतले, वारस नोंदी लावून दिल्या. या कामात पैसा थोडा लागला, पाठपुरावा फार लागला. दानाचा तो एक नवा आणि अतिशय उपयोगी प्रकार आहे असं मला वाटतं: एका बाईच्या फायलीमागे शेवटचा शिक्का बसेपर्यंत उभं राहणं.

सरकार देतंय तर आपण कशाला, असं विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की, सरकारी मदत येईपर्यंतचे महिने कुणीतरी सांभाळायचे असतात. आणि आपण देतोय म्हणून सरकारला सोडून द्यावं, असंही नाही. बाई जितक्या लवकर तिच्या हक्काच्या रकमेपर्यंत पोचेल तितक्या लवकर आपला पैसा पुढच्या घराला मोकळा होतो. आपल्याकडे देण्याच्या परंपरा कमी नाहीत. मुसलमान घरांत रमजानमध्ये जकात निघते आणि तीवर गरिबाचा हक्क सांगितलेला आहे. वारकरी अन्नदान करतात. गुरुद्वारात लंगर चालतो, ख्रिस्ती धर्मप्रांतांच्या संस्था शाळा-दवाखाने चालवतात. परंपरा शिकवते की द्यावं. किती काळ द्यावं आणि कुणाच्या हाती द्यावं, याचा विचार आपण आपल्या काळाप्रमाणे करायचा आहे.

पुढच्या पानांत बालकल्याण समितीवर काम केलेली माणसं आहेत, बालगृहात वाढून आज संसार करणारी माणसं आहेत, नवऱ्यामागे मुलं वाढवलेल्या बायका आहेत. त्यांच्या लिहिण्यात कुठे एकमेकांशी मतभेदही दिसतील. ते तसेच ठेवले आहेत. मुलांची आणि कुटुंबांची नावं, गावं बदललेली आहेत.

वाचकांना एक विनंती आहे. हे पुस्तक वाचून झालं की आपल्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या अंगणवाडी सेविकेकडे जा, आणि गेल्या सहा महिन्यांत कुठल्या घरातला कमावता माणूस गेला ते विचारा. ते घर तिला माहीत असतं. संकटातलं मूल दिसलं तर १०९८ वर फोन करा. देणगी द्यायची असेल तर एका घराची जबाबदारी किमान दोन वर्षांसाठी घ्या, रक्कम लहान असली तरी चालेल, पण ती दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पोचू द्या. आणि पहिल्या वर्षानंतर थांबू नका.